घागरीत निजलेलं पाणी

"पाणी निजल्याबिगर पिऊ नगंस रं, राव्या. जागरणाचं पाणी पोटात गेलं की पोट बी जागंच राहतंय."

आईचा, चंद्रभागाबाईंचा, हा आवाज रावसाहेबांच्या कानात साठ वर्षं मुक्कामाला होता. दिवेलागणीला आई तांब्याची घागर चिंचेनं लख्ख घासायची, आडाचं पाणी भरायची, तोंडाला पांढरं फडकं बांधायची आणि पाळण्याच्या दांडीवर वाजवावीत तशी घागरीच्या काठावर बोटं वाजवत म्हणायची,

नीज नीज गंगाबाई, तांब्याच्या गं पाळण्यात,
उद्या माझ्या लेकराच्या जायचं तुला घशात!

चुलीपाशी बसलेल्या लेकराला गंगाबाईची फार दया यायची. बिचारी आज निश्चिंत निजणार आणि सकाळी आपल्याच नरड्यातून उतरणार. पण सकाळी ते पाणी असं गार, असं गोडसर लागायचं की दयाबिया विसरून लेकरू दोन तांबे रिचवून मोकळं व्हायचं.

ते लेकरू आता सदुसष्ट वर्षांचं होतं. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालं होतं आणि हडपसरच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराचं दार हळूच पुढे लोटून त्याच घागरीला तोच पाळणा म्हणत होतं. शब्द तेवढे काळाप्रमाणे बदलले होते.

नीज नीज गंगाबाई, आजची रात तांब्यात,
उद्या तुला जायचं गं सुनेच्या त्या समुद्रात!

सुनेचा समुद्र हॉलमध्ये होता. चार फूट लांब, दोन फूट उंच, काचेचा. सून प्रियदर्शनी. जवळच्याच चकचकीत आयटी पार्कात ती टेस्टर होती. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका, तिच्या भाषेत 'बग', शोधायच्या.

"आणि त्याचा पगार देतात?" रावसाहेबांनी लग्न ठरतानाच विचारलं होतं. "आमच्या वेळी हे काम घरातल्या बायका फुकट करायच्या."

"म्हणून तर तुमच्या वेळचे कालवे गळतात, बाबा," होणाऱ्या सुनेनं चहाचा कप पुढे करत सांगितलं होतं, आणि रावसाहेबांना ती तिथल्या तिथे पसंत पडली होती. अर्थात तसं त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

मुलगा योगेश दीड वर्षापूर्वी कंपनीच्या कामावर अमेरिकेला, डॅलसला गेला. रावसाहेबांच्या पत्नी त्याच्या आधीच वरच्या गावाला गेलेल्या. घरात उरले सासरा आणि सून. दोघांनाही बोलायची खुमखुमी भरपूर, पण विषय सापडेना. मग प्रियदर्शनीनं समुद्र आणला.

पुण्यात समुद्र आणायचा म्हणजे काय करायचं, हे रावसाहेबांनी डोळे विस्फारून पाहिलं. आधी पाणी यंत्रातून गाळून त्यातलं सगळं काढून टाकायचं. मग परदेशातून आलेलं मीठ बादलीत कालवून त्यात सगळं परत घालायचं. मग दगड. त्या दगडांना ती 'जिवंत दगड' म्हणायची, कारण त्यांच्या भोकाभोकांत नजरेला न दिसणारे जीव राहतात आणि पाण्यातली घाण खातात.

"दगड जिवंत?" रावसाहेब म्हणाले. "मग आमच्या खात्यातल्या साहेबांनाही जिवंतच धरायला हवं."

पण सहा महिन्यांत दगडांनी खरोखर जीव धरला. त्यांच्यावर गुलाबी, जांभळी साय चढली. दोन नारिंगी मासे आले, अंगावर पांढरे पट्टे, जणू हळदीला निघालेली जोडी. काच चाटत फिरणारे शंख आले. लाल पाठीवर पांढरी रेघ असलेली एक कोळंबी आली. तिचं काम एकच, माशांच्या अंगावरची मळी काढायची. मासे तिच्यापुढे गाल पुढे करून मुकाट उभे राहत. रावसाहेबांनी तिचं नाव धोंडिबा ठेवलं, कारण गाडीतळाजवळच्या धोंडिबाच्या सलूनमध्ये माणसं अशीच बसत. आणि शेवटी आलं पोवळं. फिकट गुलाबी देठांचं, प्रत्येक देठाला टोकाशी बाळमूठ. त्या मुठी पाण्यात सारख्या उघडत, मिटत, उघडत, मिटत. प्रियदर्शनीनं चार मुठी आणल्या होत्या, त्यांच्या एकोणीस झाल्या. रोज संध्याकाळी घरी आली की चप्पल काढायच्या आधी ती मुठी मोजायची.

टाकीच्या काचेवर तिनं पाटी डकवली होती.

"१. टाकीत हात घालू नये.
२. काच वाजवू नये. आतून कुणी दार उघडणार नाही.
३. फक्त पांढऱ्या कॅनमधलं पाणी, फक्त खुणेपर्यंत.
४. माशांना पोळीचा तुकडा हा खाऊ नसून गुन्हा आहे."

खाली रावसाहेबांनी पेन्सिलीनं भर घातली: "५. सासऱ्यास चहा वेळेवर द्यावा." दुसऱ्या दिवशी त्याखाली लाल शाईत उत्तर होतं: "सासऱ्यास हात आहेत. कलम १ टाकीपुरतंच आहे."

तिसरं कलम खास रावसाहेबांसाठी होतं, कारण घरातलं तेवढं एक काम त्यांच्याकडे होतं. टाकीतलं पाणी रोज उडायचं; मार्चच्या कोरड्या हवेत तर पाच-पाच लिटर. "पाणी उडतं, मीठ उडत नाही," प्रियदर्शनीनं समजावलं होतं. "म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या, गाळलेल्या पाण्याची. मी ते पांढऱ्या कॅनमध्ये काढून ठेवते. तुम्ही दुपारी खुणेपर्यंत घाला. एवढंच करा."

"चाळीस वर्षं अख्ख्या तालुक्याला पाणी सोडलंय मी," रावसाहेब म्हणाले.

"म्हणून तर 'एवढंच' म्हटलं."

सगळं असं सुरळीत भांडणात चाललं होतं. आणि मग तो रविवार उजाडला. प्रियदर्शनी गॅलरीत फोनवर योगेशशी बोलत होती. रावसाहेब टाकीच्या आडोशाला शंख मोजत बसले होते; म्हणजे निदान कुणी विचारलं असतं तर त्यांनी तसं सांगितलं असतं.

"अरे, टाकी कशी सोडून येऊ?" ती म्हणत होती. "आत्ता कुठे उभी राहिलीय... हो, मान्य आहे. टाकी नसती तर आलेच असते ना मी. कधीच आले असते."

रावसाहेबांचा हिशेब साधा होता. टाकी जगली तर सून राहील. टाकी गेली तर सून जाईल. मग आपण वाघोलीला लेकीकडे; तिथला जावई जेवताना ताटाकडे बघत नाही, शेअरबाजाराकडे बघतो, आणि पाणी वाढणाऱ्याला थँक्यू म्हणतो. सूनबाई, जाऊ नकोस, असं मात्र त्यांनी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. उलट दर आठवड्याला ऐकवायचे, "जा की तिकडे. माझं काय अडलंय इथे?" आणि ती म्हणायची, "बघते." त्या 'बघते'वर त्यांचा पुढचा आठवडा निघायचा.

त्या दिवशी त्यांनी टाकीकडे नव्यानं पाहिलं. मासे बरे होते, मुठी बऱ्या होत्या. पण नुसतं बरं असून भागणार नव्हतं. ठणठणीत हवं होतं. आणि पांढऱ्या कॅनमधलं ते पाणी त्यांनी चमचाभर चाखून पाहिलं, तर ते पाणीच नव्हतं. यंत्रानं गाळून गाळून त्याचा जीव काढलेला. ना चव, ना झोप. दिवसरात्र नळीतून धावणारं, डोळ्याला डोळा न लागलेलं पाणी. असल्या जागरणाच्या पाण्यावर कुठलं लेकरू बाळसं धरेल?

माळ्यावरून घागर उतरली. चिंच भिजली. घागर अशी उजळली की तिच्यात रावसाहेबांना आपले पडलेले दातही दिसले. संध्याकाळी कॅनमधलं पाणी घागरीत, रात्रभर मुक्काम, दुपारी घागरीतलं पाणी टाकीत. कायद्यानं यात काहीच वावगं नव्हतं. पाणी कॅनमधलंच होतं आणि खुणेपर्यंतच होतं. वाटेत त्यानं कुठे वस्ती करू नये, असं पाटीवर कुठंही लिहिलेलं नव्हतं.

एकदा ते पकडले जाता जाता वाचले. कंपनीतली वीज गेली म्हणून प्रियदर्शनी दुपारीच घरी आली, तेव्हा घागर टाकीच्या काठाला टेकलेली होती. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज येताच रावसाहेबांनी घागर कडेवर घेतली आणि गॅलरीकडे वळले.

"घागर घेऊन कुठे निघालात?"

"तुळशीला पाणी."

"तुळस वाळून दोन महिने झाले, बाबा."

"म्हणून तर घागरभर लागतंय."

तिनं मान हलवली आणि मुठी मोजायला गेली. दुसऱ्याच्या चुका शोधायचा पगार घेणारी बाई आपल्या दिवाणखान्यातली चूक कडेवर बसून चाललेली पाहून हसली, हे रावसाहेबांना फार आवडलं. त्या खुशीत त्यांनी त्या दिवशी घागर दोनदा घासली.

पंधरा दिवसांनी पहिला शंख काचेवरून सुटून वाळूत पडला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. प्रियदर्शनीनं छोट्या छोट्या बाटल्यांत पाणी घेतलं, थेंब टाकले, रंग पाहिले, वहीत आकडे लिहिले. सगळे आकडे जिथल्या तिथे. मीठ बरोबर, ऊब बरोबर, घाण शून्य.

"यात बग आहे," ती ओठ चावत म्हणाली. "सगळ्या टेस्ट पास होतायत आणि प्रोग्रॅम मरतोय."

रावसाहेब उठून घागरीपाशी गेले. लेकरं आजारी पडली म्हणजे काय करायचं? आईनं काय केलं असतं? दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी घागरीतलं पाणी एकाऐवजी दोन रात्री निजवायला सुरुवात केली. चिंच वाढवली. पाळणा वाढवला. तिकडे मुठी मिटायला लागल्या. एकोणीस, चौदा, नऊ. देठ मलूल होऊन दगडाला चिकटले. रावसाहेब दर दुपारी काचेशी नाक लावून म्हणायचे, "प्या रे बाबांनो, आईच्या हातचं आहे." मासे तेवढे मजेत होते. ते दोघं हळदीच्या अंगानं इकडून तिकडे मिरवत होते आणि त्यांना पाहून रावसाहेबांना वाटायचं, बघा, यांना लागू पडलंय. बाकीच्यांना अजून थोडं हवं.

एका शनिवारी सकाळी धोंडिबा आडवा झाला. दगडाच्या सावलीत, मिशा वाळूत, पाठीवरची पांढरी रेघ वाकडी. मासे त्याच्यापुढे गाल पुढे करून उभेच होते. त्यांना काही कळलं नव्हतं.

प्रियदर्शनी रडली नाही. तिनं मुनव्वरला फोन केला.

मुनव्वरचं दुकान बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांमागच्या बोळात. पंप, दिवे आणि खाऱ्या पाण्यातले मासे विकायचा. चाळिशीचा, दाढी नेटकी, बोलणं पेठेतलं. त्याचा आजा आणि बाप याच पेठांतून भाता घेऊन फिरले होते, लोकांच्या तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करत. पोरगा समुद्राकडे वळला होता. तो आला, टाकीपुढे उकिडवा बसला आणि त्यानं एकेक दगड निरखून पाहिला.

"मॅडम, मासे मस्त आहेत. तेच मला आवडलं नाही," अखेर तो म्हणाला. "पाणी बिघडलं तर आधी मासा कुरकुरतो. इथे मासा खूश आणि बाकीचे खलास. एखादा स्प्रे मारला का? झुरळांचा वगैरे?"

"नाही हो. घरात झुरळ यायलाही बाबांची परवानगी लागते."

"पाहुण्याला पाणी तरी द्या आधी," म्हणत रावसाहेब उठले, आणि पाहुणा मानाचा म्हणून फुलपात्र भरलं ते घागरीतून. मुनव्वर त्यांच्यामागे स्वयंपाकघरात आला. प्रियदर्शनी हॉलमध्ये वहीतले आकडे पुन्हा तपासत होती. मुनव्वरनं घोट घेतला. गिळला नाही. जिभेवर घोळवला, डोळे मिटले, उघडले आणि थेट घागरीकडे पाहिलं.

"काका, आतून कल्हई नाही हिला."

"निजवायच्या पाण्याला कल्हई कशाला? तांबं लागायला नको पाण्याला?"

मुनव्वरनं घोट मोरीत थुंकला आणि आवाज खाली आणला. "टाकीत भर कोण घालतं?"

"मीच."

"कॅनमधून?"

"कॅनमधलंच."

"काका," मुनव्वर आणखी जवळ आला, "कॅनमधलं, की कॅनमधून?"

रावसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीवर एक कावळा बसला होता, तोही त्यांच्याचकडे बघत होता.

"या अल्ला," मुनव्वर हळूच म्हणाला. मग त्याला हसू आलं, मग ते त्यानं दाबलं. "ऐका. तांबं माणसाला थोडं चालतं. माशालाही चालतं. मासा आजारी पडला तर दुकानात आम्ही त्याला तांब्याचं औषध देतो, पण वेगळ्या टाकीत. कारण ज्याला हाडं नाहीत त्याला ते विष आहे. शंख, कोळंबी, पोवळं. अशा टाकीत तांब्याचा थेंब जाऊ देत नाही कुणी. आणि तुम्ही घागरभर, रोज! तेही गाळलेलं पाणी. ते उपाशी असतं, काका. मिळेल ते खातं. तुमची घागर चाटून खाल्ली त्यानं."

"पण थोडंसंच जात असेल..."

"रोज थोडंसं. पाणी उडतं, तांबं उडत नाही."

हे वाक्य रावसाहेबांच्या छातीवर येऊन आदळलं. चाळीस वर्षं ते कालव्याकाठच्या शेतकऱ्यांना हेच सांगत हिंडले होते. "अरे, उसाला किती पाणी पाजाल? पाणी उडतं, खार राहतो. रोज थोडा थोडा. एक दिवस रान पांढरं पडेल आणि कुसळसुद्धा उगवायचं नाही." मायेनं पाणी पाजून पाजून मारलेली रानं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, त्यांचे पंचनामे केले होते. आता पंचनामा त्यांच्याच हॉलमध्ये मांडून ठेवला होता.

"वाचेल का?" त्यांनी विचारलं.

"थोडं वाचेल. तांबं ओढून घेणारा कापूस असतो, तो घालायचा. महिनाभर पाणी बदलत राहायचं. पण मॅडमना रोग कळला तर औषध. त्यांना काय सांगू?"

रावसाहेबांनी घागरीचं तोंड फडक्यानं झाकलं.

"हे बघा. माझं काम मासे विकणं. चहाड्या विकत नाही मी." मुनव्वरनं फुलपात्र पालथं घातलं. "दुकानात तांब्याची टेस्ट आहे. सहा वाजता घेऊन येतो. तोवर सांगितलंत, तर तुमच्या तोंडून कळेल. नाही तर बाटलीतल्या रंगावरून कळेल. बाटलीला लाज नसते, काका."

हॉलमध्ये जाऊन तो म्हणाला, "मॅडम, एक टेस्ट राहिलीय. सहाला येतो. तोवर टाकीत कुणी काही घालू नका." 'कुणी'वर त्यानं असा जोर दिला की रावसाहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

दुपारी रावसाहेब आपल्या खोलीत कागद घेऊन बसले. या घरात अवघड गोष्टी पाटीवर लिहायच्या, असा रिवाज पडला होता. तर पाटीच लिहू.

पहिला कागद: "कळविण्यात येते की, सदर टाकीत तांब्याचा अंश असण्याची शक्यता नाकारता येत नाही." वाचून त्यांना आपले जुने साहेब आठवले. फाडला.

दुसरा: "अज्ञात व्यक्तीकडून सदर टाकीत..." घरात माणसं दोन. त्यातली एक टेस्टर. फाडला.

तिसऱ्यात त्यांनी सगळा दोष घागरीवर घातला. घागर जुनी, घागर हट्टी, घागरीनं ऐकलं नाही. तो त्यांना फार बरा वाटला. दोनदा वाचला. मग कानात आईचा आवाज आला, "माझ्या घागरीवर नाव घालतूस व्हय रं, राव्या?" तोही फाडला.

चौथा कागद कोराच राहिला.

साडेपाचला ते बाहेर आले. प्रियदर्शनी टाकीपुढे जमिनीवर बसली होती, मांडीवर लॅपटॉप. टाकीतला दिवा तिच्या चेहऱ्यावर निळा हलत होता.

"किती राहिल्या?" त्यांनी विचारलं.

"दोन मुठी. त्याही अर्ध्याच उघडतायत." तिनं वर पाहिलं नाही. "योगेशला मेल लिहितेय, बाबा. टाकी बंद करते म्हणून. मुनव्वरभाई सहाला येतच आहेत तर मासे आजच घेऊन जातील. मला कारणच सापडत नाहीये. जे कळत नाही ते चालवत राहण्यात अर्थ नाही. आणि मग..." ती थांबली. "मग तिकिटाचं बघू."

रावसाहेबांच्या मनात एक क्षण एक लबाड विचार चमकून गेला. गप्प बसलो, तर तिला कधीच कळणार नाही. सहा वाजता मासे डब्यात, टेस्ट कशाला कोण करतंय? आपली अब्रू शाबूत, घागर माळ्यावर. फक्त सून तेवढी डॅलसला.

आणि बोललो, तरी ती जाईलच. वर रागावून जाईल.

टाकीत उरलेल्या दोन मुठींतली एक हळूच उघडली. मिटली. पुन्हा उघडली.

"मेल पाठवू नकोस," रावसाहेब म्हणाले. "बग सापडलाय."

"काय?"

"बग. सदुसष्ट वर्षांचा आहे. तुझ्यासमोर उभा आहे."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. घागर, चिंच, पाळणा, एक रात्र, दोन रात्री, तुळशीची थाप, मुनव्वरनं घेतलेला घोट. प्रियदर्शनी ऐकत होती. तिचं तोंड आधी उघडलं, मग मिटलं, मग पुन्हा उघडलं, अगदी त्या मुठींसारखं.

"बाबा," शेवटी ती म्हणाली, "पाटीवर काय लिहिलं होतं?"

"फक्त पांढऱ्या कॅनमधलं पाणी."

"मग?"

"कॅनमधलंच होतं. मधे मुक्कामाला कुठे उतरायचं नाही, असं लिहिलं नव्हतंस."

"तुम्ही कलमात पळवाट काढलीत!"

"सरकारी नोकरीत गेलं गं आयुष्य."

ती उठली. स्वयंपाकघरात गेली. घागरीवर काहीतरी आपटल्याचा खणखणीत आवाज आला आणि रावसाहेबांनी डोळे मिटून घेतले. गेली आईची घागर, त्यांना वाटलं. पण आपटलं होतं ते उलथनं, आणि मार घागरीनं निमूट खाल्ला होता.

सहा वाजता मुनव्वर आला. दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहून त्यानं विचारलं, "काका बोलले वाटतं?"

"बोलले," प्रियदर्शनी म्हणाली. "वकिलासारखं बोलले."

बाटलीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी निळं झालं, मग आणखी निळं. मुनव्वरनं आपल्या पिशवीतून पांढरा कापसाचा चौकोन काढला, टाकीमागच्या गाळणीत बसवला आणि सांगितलं, हा निळा पडला की फेकायचा, नवा घालायचा. बादलीभर पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं. शंख आणि कोळंबी तीन महिने आणायची नाही. "त्या दोन मुठी राहिल्या तर राहिल्या. या चिवट असतात, मॅडम. एकीच्या पुन्हा एकोणीस होतील." जाताना तो दारात वळला. "काका, घागरीला कल्हई करून देऊ? फुकट. आजोबांची आठवण म्हणून."

"नको," रावसाहेब म्हणाले. "तिला शिक्षा भोगू द्या."

शिक्षा आधीच झाली होती. घागरीच्या गळ्यात लाल शाईची पाटी लटकत होती: "हे भांडं शोभेचं आहे. यातलं पाणी फक्त रावसाहेबांनी प्यावं, आणि भोगावं."

मग दोघांनी मिळून पहिली बादली बदलली. रावसाहेब नळी धरून, ती बादलीत मीठ कालवत. चाळीस वर्षं पाणी सोडलेल्या माणसानं इतक्या मुकाट्यानं कधी नळी धरली नव्हती. बादली भरत आली तसं तिनं विचारलं,

"पण का केलंत, बाबा? खरं सांगा. तुमचा माशांवर इतका जीव कधी बसला?"

नळीतून पाण्याची धार पडत होती. रावसाहेब त्या धारेशीच बोलल्यासारखे बोलले. "त्या रविवारी फोनवर म्हणालीस ना योगेशला. टाकी नसती तर कधीच आले असते म्हणून. म्हटलं, टाकीला जरा जोर येऊ द्यावा."

प्रियदर्शनीचा मीठ ढवळणारा हात थांबला. तिनं टाकीकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे, आणि आधी तिला हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं हे त्या निळ्या उजेडात नीट दिसलं नाही.

"तुम्ही चोरून ऐकलंत, तेही अर्धवट. टाकी काय, मुनव्वरभाई पहिल्या दिवसापासून म्हणतायत, मॅडम, कधीही जा, दुकानात सांभाळतो. टाकीसाठी कोण थांबतं, बाबा? टाकी हे निमित्त होतं; तेच संपलं म्हणून तिकिटाचं म्हटलं. योगेशला टाकीचं नाव सांगितलं, कारण तुमचं सांगितलं असतं, तर तो तुम्हाला बोलला असता. आणि तुम्ही तेवढ्या एका गोष्टीसाठी माझी बॅग स्वतः भरून, मला विमानात बसवून आला असतात. आणि इथे येऊन त्या घागरीला एकटेच पाळणा म्हणत बसला असतात."